टू-इन-वनसाठी सी-90 : जुनं हिप हॉप, इलेक्ट्रो आणि कामाच्या नोंदी

15 जून

काम असं ठरलं : 1979 ते 1985 या काळातलं हिप हॉप आणि इलेक्ट्रो (ड्रम मशीन आणि सिंथवर उभं असलेलं त्याचं भावंड) एका सी-90 वर, म्हणजे दीड तासाच्या कॅसेटवर, भरायचं, आणि ती कॅसेट मोठ्या टू-इन-वनवर, उघड्यावर, खणखणीत वाजली पाहिजे. हेडफोनवर किंवा घरच्या सिस्टिमवर ती कशी वाजते हा प्रश्नच नाही. हे संगीत न्यूयॉर्कच्या फुटपाथवर आणि बागांत अशाच संचांतून वाजलं. ब्रॉन्क्समधल्या पार्ट्यांच्या कॅसेटी हातोहात फिरायच्या, मिस्टर मॅजिकचा डब्ल्यूबीएलएस रेडिओवरचा कार्यक्रम लोक घरी टेप करून ठेवायचे. एलएल कूल जेच्या 1985 च्या पहिल्या अल्बमचं नावच 'रेडिओ', आणि मुखपृष्ठावर माणूस नाही, जेव्हीसीचा आरसी-एम90 आहे. म्हणून आधी संच, मग गाणी.

संच पुण्याच्या जुन्या बाजारातला. जपानी, स्टिरिओ, 16 सेंटिमीटरचे दोन वूफर, दोन छोटे ट्वीटर, एकच कॅसेट, डॉल्बी (टेपची सूं कमी करणारी सोय) नाही, आठ मोठे सेल म्हणजे 12 व्होल्ट. किंमत 3,500 रुपये. 'रेडिओ लागतो, टेप चालत नाही' अशा बोलीवर घेतला. असे संच बहुतेक आखातातून आलेले असतात, त्यामुळे मागे 110/220 चा खटका असतो. खास जपानच्या बाजारासाठी बनलेला संच मिळाला तर जपून : तो 100 व्होल्टचा असतो, 230 वर थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जातो. त्याचा एफएमही 76 ते 90 मेगाहर्ट्झचाच, म्हणजे आपली बहुतेक स्टेशनं लागतच नाहीत.

18 जून

मागचं झाकण उघडलं. टेप न चालण्याचं कारण नेहमीचंच : बेल्ट वितळून डांबर झालेला. हे डांबर फ्लायव्हीलच्या कडेवर, मोटरच्या पुलीवर आणि खालच्या पत्र्यावर पसरलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल (99 टक्के, अर्धा लिटर 260 रुपये) आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या. पुलीच्या खाचेत डांबराचा पातळ थर जरी राहिला तरी पुलीचा व्यास बदलतो आणि वेग डळमळतो, म्हणून खाच टूथपिकने खरवडून पुन्हा पुसायची. बोटांना लागलेलं डांबर झाकणाच्या प्लास्टिकवर उमटतं आणि तिथून निघता निघत नाही, म्हणून हातमोजे हवेतच.

नवा बेल्ट मापायची पद्धत : ज्या पुल्यांवरून तो जातो त्यांच्याभोवती दोरा फिरवून घेर मोजायचा आणि त्यातून पाच ते आठ टक्के कमी करायचे. तापकीर गल्लीत मिळालेला पहिला चपटा बेल्ट घेराच्या पंधरा टक्के कमी निघाला. तो बसला, टेप फिरलीही, पण मोटर गरम व्हायला लागली आणि सलग सुरांत थरथर आली. जास्त ताणलेला बेल्ट मोटरचं बेअरिंग खातो. तो काढला. दुसरा बरोबर बसला. दोन्ही मिळून 240 रुपये. टेक-अपचा (टेप गुंडाळणाऱ्या रिळाचा) चौकोनी बेल्ट 1.2 मिलिमीटरचा, 90 रुपये.

पिंच रोलरवर (टेप दाबून धरणाऱ्या रबरी चाकावर) अल्कोहोल चोळत बसू नये, रबर कडक होतं. साबणाचं कोमट पाणी, मग कोरडं फडकं. हेड आणि कॅप्स्टनला (टेप ओढणाऱ्या धातूच्या दांडीला) मात्र अल्कोहोलच.

22 जून

वेग. कंपनीत भरलेली 3,150 हर्ट्झची टेस्ट कॅसेट लावून फोनवरच्या फ्रिक्वेन्सी मीटरने मोजलं. 3,070 आले, म्हणजे अडीच टक्के हळू. बोलण्याच्या कॅसेटला हे चालून जातं, इलेक्ट्रोला नाही. 'प्लॅनेट रॉक' मिनिटाला साधारण 128 ठोक्यांचं आहे, ते 125 च्या खाली उतरतं आणि सगळा ताठपणा जातो.

मोटरच्या मागच्या छोट्या भोकातून आतला प्रीसेट, म्हणजे वेग ठरवणारा छोटा स्क्रू, फिरवायचा. धातूचा स्क्रूड्रायव्हर आत टेकला की शॉर्ट होऊ शकतो, म्हणून प्लास्टिकच्या दांड्याचा, अरुंद पात्याचा घ्यावा. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत थोडा सैलावतो, त्यामुळे लगेच बारकाईने जुळवण्यात अर्थ नाही. संच कॅसेट लावून दिवसभर चालू ठेवला आणि मग वेग लावला.

हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ, त्यानंतर. हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू पाव वेढ्याच्याही आतच फिरवायचा असतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून, मोनोत ऐकत, हाय-हॅट (ड्रमसंचातली जोडझांज) सर्वात कोरडा आणि टोकदार ऐकू येईल तिथे थांबायचं आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. इथे एक मोह आवरायला हवा. ज्या डेकवर रेकॉर्ड करणार त्याच्याशी संच जुळवला तर कंपनीच्या सगळ्या कॅसेटी मंद वाजतात. म्हणून दोघांचाही कोन कंपनीच्या कॅसेटशीच जुळवला.

29 जून

डावा चॅनेल अधूनमधून गायब, आवाज वाढवला की शिट्टी. बोर्डावरचा लांबलचक रेकॉर्ड-प्ले स्विच हेच मूळ. रेकॉर्डचं बटण दाबलं की हा स्विच सरकतो, आणि वर्षानुवर्षं कोणी रेकॉर्ड केलंच नाही तर त्याचे पॉइंट काळे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे (450 रुपये) दोन्ही टोकांतून मारला आणि स्विच भरपूर वेळा पुढेमागे केला. शिट्टी बंद, चॅनेल परत. अ‍ॅम्प्लिफायरची आयसी बदलायला घेण्याआधी हे करून पाहावं. दुरुस्तीच्या एका दुकानात याच लक्षणांवर 'आयसी गेली' म्हणून 900 रुपये सांगितले होते.

3 जुलै

वीज. आठ साधे झिंकचे सेल मोठ्या आवाजाला तासाभरातच धापा टाकतात. प्रत्येक किकला (मोठ्या ड्रमच्या ठोक्याला) बॅटरीची सुई खाली लवते आणि डायलचा दिवा मंदावतो. अल्कलाइन टिकतात, पण आठ सेलचा खर्च प्रत्येक वेळी करण्यासारखा नाही. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचे, म्हणजे आठांचे 9.6 व्होल्टच. ताकद व्होल्टेजच्या वर्गात उतरते, त्यामुळे उपलब्ध ताकद जवळपास दोन तृतीयांशावर येते आणि किक लवकर फाटते.

मार्ग : 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी, 1,050 रुपये, डीसी पिनवरून. मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या टोकाजवळच. पिनची बाजू मल्टीमीटरने तपासल्याशिवाय काही जोडू नये. जपानी संचांत पिनचा मधला भाग पुष्कळदा ऋण असतो, तर बाजारात मिळणारे अ‍ॅडॉप्टर मधला भाग धन असलेले. उलटं जोडलं की संच तिथेच संपतो.

7 जुलै

संच तयार. आता गाणी, आणि ही नोंद लांबणार, कारण खरा घोळ इथेच आहे.

16 सेंटिमीटरचा वूफर आणि प्लास्टिकची हलकी पेटी. 90-100 हर्ट्झच्या खाली हा संच जवळपास काहीच देत नाही. उलट रोलँड टीआर-808 या ड्रम मशीनच्या किकचा मूळ सूर 50 हर्ट्झच्या आसपास, आणि तोही जवळजवळ शुद्ध, वरचे सूर फारसे नसलेला. म्हणजे या संगीताचा जो कणा, तोच संचातून गळतो. म्हणून एकेक गाणं लावून दहा पावलांवरून ऐकलं.

रन-डीएमसीचं 'सकर एमसीज' (1983) पहिल्याच फेरीत पास. हे 808 वर नाही, ओबरहाइम डीएमएक्सवर आहे. डीएमएक्समध्ये खऱ्या ड्रमचे नमुने साठवलेले असतात, त्यामुळे किकला वर टणक टोक आहे आणि ते संचातून छातीवर आदळतं. शिवाय गाण्यात ठोके आणि बोल यांपलीकडे जवळजवळ काही नाही, वूफरला एका वेळी एकच काम. संच नवा जोडला की पहिल्यांदा हेच लावावं.

कर्टिस ब्लोचं 'द ब्रेक्स' (1980) आणि ग्रँडमास्टर फ्लॅशचं 'व्हील्स ऑफ स्टील' (1981) हीसुद्धा सहज वाजतात, कारण त्यांत माणसांनी वाजवलेला बास गिटार आहे आणि त्याचे वरचे सूर संचाच्या टप्प्यात येतात. फ्लॅशच्या तबकडीत शीकच्या 'गुड टाइम्स'चा बास तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नुसत्या बोटांच्या आवाजावर ओळखू येतो. 'द मेसेज'चा (1982) सिंथचा वळसा पूर्ण मधल्या पट्टीत, मेली मेलचे शब्द स्पष्ट. पास.

'रॅपर्स डिलाइट' (1979) उत्तम वाजतं, पण 12 इंची आवृत्ती साडेचौदा मिनिटांची, म्हणजे एका बाजूचा तिसरा हिस्सा. ठेवलं नाही. या गाण्याची छोटी आवृत्ती भरण्यापेक्षा ते वगळलेलं बरं, त्याची मजा लांबण्यातच आहे.

इलेक्ट्रोत गाडी अडली. 'प्लॅनेट रॉक' (1982) : आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्स, निर्माता आर्थर बेकर, सिंथवर जॉन रोबी. धून क्राफ्टवर्कच्या 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'ची, तालाचा साचा त्यांच्याच 'नंबर्स'चा. धून, टाळ्या, ऑर्केस्ट्राचा तो फेअरलाइटवरचा (आवाजाचे नमुने वाजवणाऱ्या संगणकी सिंथवरचा) झटका, सगळं आलं. किक नाही आली. 808 चं काउबेल (घंटेसारखा ठोका) मात्र कानात घुसतं, कारण ते 540 आणि 800 हर्ट्झच्या दोन लहरींचं बनलेलं आहे, आणि तिथेच या संचाचा आवाज सर्वात मोठा. इजिप्शियन लव्हरचं 'इजिप्ट, इजिप्ट' (1984) आणि टी ला रॉकचं 'इट्स युअर्स' (1984) यांचंही तेच : वरचा सांगाडा दिसतो, खालचं मांस गायब.

उलट हर्बी हँकॉकचं 'रॉकिट' (1983), हाशिमचं 'अल-नाफीश' (1983) आणि सायबोट्रॉनचं 'क्लिअर' (1983) हलकेच पार झाली. पहिल्यात डीजे डी.एसटी.चं स्क्रॅचिंग (तबकडी सुईखाली पुढेमागे घासणं), बाकी दोन्हींत सिंथचे तुटक सूर, आणि हे सगळं मधल्या पट्टीत.

8 जुलै

बासचा नॉब पूर्ण फिरवून उपयोग नाही. तो 100 हर्ट्झच्या आसपासचं सगळंच फुगवतो, बोल घोगरे होतात आणि किक तिथे नसतेच. 'वाइड'चं बटण बंद ठेवावं. ते एका चॅनेलचा उलटा अंश दुसऱ्यात मिसळतं, त्यामुळे दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं कमी होतं, आणि या तबकड्यांत किक, बास आणि बोल नेमके मध्यभागी असतात. 'लाउडनेस' अर्ध्या आवाजापर्यंत ठीक, पुढे बंद.

13 जुलै

संचावरच थेट रेकॉर्ड करून पाहिलं, लाइन-इनमधून. वाया. अशा बहुतेक संचांत रेकॉर्डिंगची पातळी आपोआप ठरते. किक आली की सर्किट सगळा आवाज दाबतं आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हळूहळू सोडतं. 'प्लॅनेट रॉक'मध्ये हाय-हॅट प्रत्येक ठोक्यानंतर बुडतो आणि वर येतो. पातळी हाताने लावता येणारा संच असेल तरच संचावर रेकॉर्ड करावं. नाहीतर वेगळा कॅसेट डेक. इथे वापरलेला डेक उसना, तीन हेडचा, टेप आणि मूळ आवाज लगेच ताडून बघता येणारा.

डॉल्बी बंद. डॉल्बी बी लावून भरलेली कॅसेट डॉल्बी नसलेल्या संचावर चरचरीत वाजते. काहींना ते आवडतं, पण हलक्या भागात सिंबल सळसळत राहतात. बाहेर वाजवताना टेपची सूं तशीही ऐकू येत नाही.

20 जुलै

किकचा मार्ग सापडला, आणि तो टेपमध्येच आहे.

टेपवर पातळी वाढवत नेली की ती आवाज वाकवते, आणि त्या वाकण्यातून मुख्यतः तिसरा उपसूर तयार होतो. 50 हर्ट्झच्या किकचा तिसरा उपसूर 150. तो या संचाला सहज वाजवता येतो, आणि 150 ऐकू आला की कान खालचे 50 आपोआप भरून घेतो. म्हणजे 808 ची किक जोरात टेपवर घातली तरच ती छोट्या वूफरमधून बाहेर येते.

साध्या टाइप 1 (नेहमीच्या फेरिक) टेपवर 'इट्स युअर्स'चा तोच तुकडा तीन पातळ्यांवर भरला, ठोक्यांची टोकं मीटरवर शून्य, +3 आणि +6 डेसिबलला नेऊन. शून्यावर किक पूर्वीइतकीच अदृश्य. +3 ला ती उभी राहिली, जड, गोल, थोडी खरखरीत. +6 ला किक आणखी मोठी, पण हाय-हॅट मेला आणि टाळी पसरट झाली. कॅसेटची टेप उंच सुरांना खालच्यांच्या आधी भरून जाते, वर जागाच उरत नाही. 808 च्या गाण्यांसाठी +3 ते +4. डीएमएक्सच्या गाण्यांना +1 पुरे. त्यांच्या किकमध्ये वरचे सूर आधीच आहेत, जास्त घातलं तर टोक बोथट होतं.

मीटरबद्दल : सुईचा व्हीयू मीटर संथ असतो, ड्रमचं खरं टोक त्याच्या कितीतरी वर जाऊन येतं. वरचे आकडे दिव्यांच्या पीक मीटरचे आहेत.

रेकॉर्ड करण्याआधी संगणकावर 35 हर्ट्झच्या खालचं कापलं. ते या संचातून कधीच येणार नाही, टेपची जागा मात्र खातं. यापेक्षा वर कापू नये. 50 वर कापलं तर वाकवायला काही उरतच नाही, किक पुन्हा गायब. 5 किलोहर्ट्झच्या वर दीड डेसिबल वाढवलं, जोरात भरल्याने जे जातं त्याची भरपाई म्हणून.

27 जुलै

कॅसेटी. जुन्या साठ्यातल्या बंद सी-90, टाइप 1, प्रत्येकी 350 रुपये. एकीच्या आत हेडसमोरची फेल्टची गादी सुटून पडलेली निघाली, कारण ती स्पंजावर चिकटवलेली होती आणि स्पंजाचं पीठ झालं होतं. पत्र्याच्या पट्टीवर गादी असलेली कॅसेट घ्यावी, ती टिकते. स्क्रूवाला डबा असेल तर उघडून गादी बदलता येते, चिकटवलेला असेल तर नाही.

हवा दमट आहे. रिळाच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर बुरशी, ती कॅसेट या हेडवर लावायचीच नाही. चांगल्या कॅसेटी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. सी-120 च्या वाटेला जाऊ नये : टेप फार पातळ, उघड्यावरच्या उन्हात ताणली जाते आणि टेक-अप जरा कमी पडला की कॅप्स्टनला गुंडाळते.

4 ऑगस्ट

स्रोत. बाजारातल्या नव्या डिजिटल आवृत्त्यांपैकी काही इतक्या दाबलेल्या आहेत की किक आणि टाळी एकाच उंचीची. त्या टेपवर जोरात घालून काही मिळत नाही, वाकवायला टोकच शिल्लक नसतं. शक्य तिथे 12 इंची सिंगलवरून घेतलं. 12 इंची तबकडीत खाचा रुंद, पातळी मोठी आणि बास मोकळा. हे संगीत मुळात त्याच आकारात बाहेर पडलं. अल्बममधली आवृत्ती बऱ्याचदा छोटी असते, घेण्याआधी वेळ तपासावी.

मायामी बास, म्हणजे 808 च्या खोल किकवर उभा असलेला हिप हॉपचा प्रकार, पूर्ण वगळला. तो गाडीतल्या मोठ्या वूफरसाठी बनलेला, इथे नुसती वाफ.

10 ऑगस्ट

पॉज बटणाची जोडणी. दोन टर्नटेबल नसलेली मुलं ब्रेकचे (गाण्यातल्या नुसत्या तालाच्या तुकड्याचे) दोन ठोके टेप करायची, पॉज, तबकडी मागे, पुन्हा सोड, असं करत ब्रेक लांबवायची. इनक्रेडिबल बाँगो बँडच्या 'अपाचे'वर (1973) तेच केलं. डेकचं मऊ इलेक्ट्रॉनिक पॉज इथे कुचकामी, दाबल्यावर हेड सरकेपर्यंत वेळ जातो आणि प्रत्येक जोडाला ठोका घसरतो. संचाचं जुनं यांत्रिक पॉज बोटाबरोबर सुटतं. पातळी आपोआप ठरण्याचा त्रास इथे कमी, कारण तेच दोन ठोके पुन्हा पुन्हा येतात. ठोका पडण्याच्या किंचित आधी सोडायचं, ठोक्यावर सोडलं तर त्याचं टोक कापलं जातं. संध्याकाळ गेली, हाती पाऊण मिनिट आलं. ते डेकवर उतरवून पहिल्या बाजूच्या तोंडाशी ठेवलं.

17 ऑगस्ट

अंतिम क्रम. पहिली बाजू : 'अपाचे'चा जोड, 'द ब्रेक्स', 'व्हील्स ऑफ स्टील', 'द मेसेज', 'सकर एमसीज', रन-डीएमसीचंच 'रॉक बॉक्स', यूटीएफओचं 'रॉक्सॅन, रॉक्सॅन', शेवटी 'इट्स युअर्स'. ते शेवटी, कारण त्याची किक पाठोपाठच्या गाण्याला पोकळ करते.

दुसरी बाजू : क्राफ्टवर्कचं 'नंबर्स', त्याला लागूनच 'प्लॅनेट रॉक', म्हणजे साचा आणि त्यातून निघालेलं गाणं एकापाठोपाठ. मग प्लॅनेट पॅट्रोलचं 'प्ले अ‍ॅट युअर ओन रिस्क', जे 'प्लॅनेट रॉक'च्या वेळी उरलेल्या ध्वनिमुद्रणातून उभं राहिलं. पुढे 'क्लिअर', 'अल-नाफीश', 'इजिप्ट, इजिप्ट', 'रॉकिट'. न्यूक्लिअसचं 'जॅम ऑन इट' बसलं नाही. अर्धवट कापण्यापेक्षा काढलं.

गाण्यांच्या पातळ्या मीटरवर सारख्या करू नयेत, बोलांवर सारख्या कराव्यात. मीटरवर जुळवल्या तर 808 ची गाणी लहान ऐकू येतात.

टेकडीवर लावून पाहिलं. वीस पावलांवर 'प्लॅनेट रॉक'ची किक येते, तीस पावलांवर नाही. पाठीशी भिंत असेल तर तीसलाही येते, म्हणून संच भिंतीपासून हातभर अंतरावर, जमिनीवर ठेवायचा. ओट्यावर उचलला की बास लगेच कमी होतो. बॅटरी दोन्ही बाजू वाजवून वर उरली. वरून पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटच्या दोन्ही टॅब मोडल्या.

बाकी राहिलेलं : काउंटरचा बेल्ट 0.9 मिलिमीटरचा अजून मिळालेला नाही, आणि उजव्या ट्वीटरचा एक कपॅसिटर बदलायचा आहे, हाय-हॅट त्या बाजूला थोडा मागे आहे.